टायटनला इशारे भरपूर मिळाले, होल्ड पॉइंट एकही नव्हता

प्रश्न असा आहे: टायटॅनिकचे अवशेष बघायला पाच जणांना घेऊन गेलेली 'टायटन' पाणबुडी जून 2023 मध्ये खोल समुद्रात चेपून फुटली. ती धोक्याची आहे असे इतक्या जाणकारांनी आधी सांगूनही तिला कोणी थांबवले कसे नाही? आणि आता आपल्या कोकणातही पाण्याखालच्या सफरींच्या जाहिराती येऊ लागल्या आहेत. पुण्याहून घरच्यांना घेऊन जायचे तर काय तपासून जावे?

पहिल्या भागाचे उत्तर भोसरी-चाकणच्या कोणत्याही चांगल्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये भिंतीवर लावलेले असते. प्रेशर व्हेसलची, म्हणजे दाब सोसणाऱ्या टाकीची ऑर्डर आली की आधी क्यूएपी बनतो, म्हणजे कोणत्या टप्प्यावर कोण काय तपासणार याचा तक्ता. त्यात प्रत्येक ओळीसमोर एक अक्षर असते. 'आर' म्हणजे कागद बघणे, 'डब्ल्यू' म्हणजे इन्स्पेक्टरला बोलावणे, तो आला नाही तर काम पुढे नेता येते. 'एच' म्हणजे होल्ड. तिथे बाहेरच्या इन्स्पेक्टरची सही झाल्याशिवाय काम हलत नाही. मालक उभा असो, गाडी लोडिंगला लागलेली असो, उशिराचा दंड बसणार असो, होल्ड म्हणजे होल्ड. टायटनच्या बाबतीत इशाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. त्या सगळ्या उद्योगात एकही 'एच' नव्हता. त्यामुळे प्रत्येक इशारा हे कुणाचे तरी मत ठरले, आणि मत मानायचे की नाही हे ज्याने ठरवायचे त्याचाच धंदा त्या इशाऱ्याने अडत होता.

आधी आकडे बघू, म्हणजे इशारे कशाबद्दल होते ते कळेल.

टायटॅनिकचा सांगाडा साधारण 3,800 मीटर खोल आहे. तिथे समुद्राचा दाब सुमारे 380 बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास 390 किलो. आपल्या औद्योगिक वसाहतीत वाफेचा जो नेहमीचा बॉयलर दिसतो तो 10.54 किलो प्रति चौरस सेंटिमीटरचा असतो. त्याच्या छत्तीस-सदतीस पट हा दाब. आणि त्या 10.54 साठीसुद्धा आपल्याकडे प्लेटचा हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) जुळवतात, वेल्डरची परीक्षा घेतात, जोडांची रेडिओग्राफी करतात, दीडपट दाबाला हायड्रो टेस्ट, म्हणजे पाणी भरून दाबाची चाचणी होते आणि बॉयलर निरीक्षकाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय तो चालवता येत नाही.

दुसरा फरक दाबाच्या दिशेचा. बॉयलरमध्ये दाब आतून बाहेर असतो, भिंत ताणली जाते. बऱ्याचदा आधी कुठेतरी घाम येतो, थेंब दिसतो, जोड ठिबकतो, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो. पाणबुडीत दाब बाहेरून आत असतो आणि भिंत चेपली जाते. चेपणाऱ्या भिंतीचा आकार थोडा जरी बिघडला तरी भार आणखी वाकडा पडतो, त्याने आकार आणखी बिघडतो आणि सगळे काही मिलिसेकंदांत आत कोसळते. ठिबकण्याची पायरी मध्ये येतच नाही. म्हणून खोल समुद्रात सुरक्षा ही आधीच कागदावर आणि चाचणीच्या टाकीत सिद्ध करावी लागते. खाली गेल्यावर सिद्ध करायला वेळ मिळत नाही.

माणसे ज्यात बसतात त्या कवचाला प्रेशर हल म्हणतात. जगातल्या बहुतेक खोल पाणबुड्यांचा हल गोल असतो आणि धातूचा असतो, कारण त्याच व्यासाच्या आणि त्याच जाडीच्या नळकांड्याच्या भिंतीत गोलापेक्षा दुप्पट ताण येतो. आपल्या चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची 'मत्स्य 6000' घ्या. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा गोल, आतला व्यास 2.1 मीटर, भिंत 80 मिलिमीटर, बसणार तीन माणसे. असा गोल महाग असतो, जड असतो आणि त्यात तिकिटे तीनच मावतात, त्यातला एक तर चालकच. टायटन बनवणाऱ्या ओशनगेट कंपनीला पाच माणसे न्यायची होती आणि हलकी पाणबुडी हवी होती. म्हणून त्यांनी नळकांडे निवडले आणि ते कार्बन फायबरचे केले. भिंत पाच इंच, म्हणजे 127 मिलिमीटर. दोन्ही टोकांना टायटॅनियमच्या कड्या चिकटद्रव्याने जोडलेल्या आणि त्यांवर टायटॅनियमचे अर्धगोल.

कार्बन फायबर ओढताना फार ताकदवान असते, म्हणूनच विमानांत आणि गॅसच्या टाक्यांत ते वापरतात. चेपताना मात्र तंतू किती सरळ बसले आहेत आणि भोवतीच्या रेझिनने (तंतू एकत्र धरणाऱ्या राळेने) त्यांना किती घट्ट धरले आहे यावर सगळे असते. तंतूंच्या थरात सुरकुती पडली किंवा रेझिनमध्ये हवेचे बुडबुडे राहिले की त्या जागी तंतू वाकतो आणि थर सुटायला सुरुवात होते. टायटनचा दुसरा हल एकेक इंचाच्या पाच थरांत बनवला होता. एक थर गुंडाळून भट्टीत पक्का करायचा, वर आलेल्या सुरकुत्या घासून काढायच्या, चिकटद्रव्य लावून पुढचा थर गुंडाळायचा. सुरकुती घासली की तिथले तंतू कापले जातात. अपघातानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तुकडे तपासले तेव्हा त्यांत सुरकुत्या, पोकळ्या आणि सच्छिद्रता सापडली, आणि थर सुटले होते ते बऱ्याच ठिकाणी याच चिकटवलेल्या सांध्यांवर.

धातूच्या हलबद्दल किती फेऱ्यांनंतर त्याला थकवा येईल याचा हिशेब मांडता येतो, कारण त्यामागे अनेक दशकांच्या चाचण्या आहेत. इतक्या जाड कार्बन फायबरला पुन्हा पुन्हा 380 बारने चेपल्यावर काय होते याची आकडेवारी कुणाकडेच नव्हती. ती मिळवायचा मार्ग सरळ होता: पूर्ण मापाचा हल बनवायचा, चाचणीच्या टाकीत शेकडो वेळा दाबायचा, फुटेपर्यंत दाबायचा, मग तसाच दुसरा माणसांसाठी बनवायचा. हा खर्चही मोठा आणि वेळही जास्त. तो टाळला गेला, आणि प्रवाशांना घेऊन मारलेली प्रत्येक फेरी हीच थकव्याची चाचणी बनली.

आता इशारे. जानेवारी 2018 मध्ये कंपनीचाच सागरी कामकाजाचा प्रमुख डेव्हिड लॉक्रिज याने गुणवत्ता तपासणीचा अहवाल दिला. त्यातले मुद्दे आपल्याकडच्या कोणत्याही क्यूसीवाल्याला लगेच समजतील. हलची अल्ट्रासॉनिक, म्हणजे ध्वनिलहरींनी आतले दोष शोधणारी तपासणी झालेली नाही. हलच्या कापलेल्या टोकांच्या नमुन्यांत डोळ्यांना दिसतील असे दोष आहेत. आणि समोरची खिडकी बनवणारा तिला फक्त 1,300 मीटरपर्यंतच प्रमाणित करायला तयार आहे, जायचे आहे 4,000 मीटर. हलची तपासणी करा म्हटल्यावर त्याला उत्तर मिळाले की इतक्या जाडीला चालेल असे यंत्रच नाही. जाड कार्बन फायबरमध्ये आवाजाच्या लहरी विरतात हे खरे आहे, तपासणी अवघड आहे हेही खरे. पण जे तपासता येत नाही ते माणसांसाठी वापरायचे नाही, असाच त्याचा अर्थ आपल्या धंद्यात होतो. लॉक्रिजला कामावरून काढले गेले. त्याने कामगार सुरक्षा खात्याकडे तक्रार केली, पण त्यातून पाणबुडी थांबली नाही.

मार्च 2018 मध्ये मरीन टेक्नॉलॉजी सोसायटीच्या मानवी पाणबुड्यांच्या समितीतल्या तीन डझनांहून अधिक तज्ज्ञांनी कंपनीचे प्रमुख स्टॉकटन रश यांना उद्देशून पत्र तयार केले. मागणी एवढीच होती की बाहेरच्या वर्गीकरण संस्थेकडून, म्हणजे जहाजे आणि पाणबुड्या तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडून, पाणबुडी तपासून घ्या. ही मागणी कंपनीने मानली नाही, आणि पुढे कारणही जाहीरपणे दिले: वर्गीकरणामुळे नवनिर्मितीला खीळ बसते, आणि समुद्रातले बहुतेक अपघात यंत्राच्या नव्हे, माणसाच्या चुकीने होतात.

हा युक्तिवाद अजूनही ऐकू येतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीने होतात, कारण वर्गीकृत हल फुटत नाहीत. त्या संस्थांनी प्लेटपासून शेवटच्या बोल्टपर्यंत तपासले म्हणूनच यंत्राचे अपघात यादीतून नाहीसे झाले. तपासणीमुळे आलेली सुरक्षितता दाखवून तपासणीच नको म्हणणे हा उलटा हिशेब आहे. आणि नवनिर्मितीचे म्हणाल, तर 2019 मध्ये ट्रायटन कंपनीची 'लिमिटिंग फॅक्टर' ही पाणबुडी समुद्रातल्या सर्वांत खोल जागी पुन्हा पुन्हा जाऊन आली. ती नवीनच होती, टायटॅनियमची होती, आणि डीएनव्ही जीएल या संस्थेचे वर्गीकरण घेऊन जात होती.

एप्रिल 2019 मध्ये बहामाजजवळच्या फेरीत सोबत गेलेल्या एका अनुभवी पाणबुडी चालकाला हलमधून तडतड ऐकू आली. त्याने रश यांना लेखी कळवले की हा आवाज हलच्या एखाद्या भागातल्या दोषाचा आहे. काही आठवड्यांनी त्या पहिल्या हलला तडा सापडला आणि तो मोडीत काढावा लागला. म्हणजे एक पूर्ण हल आधीच निकामी झाला होता. कुठल्याही शॉपमध्ये एवढ्यावर डिझाइन परत टेबलावर आले असते. इथे त्याच पद्धतीचा दुसरा हल बनला आणि 2021 पासून प्रवासी घेऊन टायटॅनिकला जाऊ लागला.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा मात्र यंत्राने दिला. हलवर आवाज टिपणारे सेन्सर आणि ताण मोजणाऱ्या पट्ट्या होत्या. तंतू तुटायला लागले तर आधी कळेल आणि वर येता येईल, असे कंपनी सांगत असे. अकूस्टिक एमिशन ही पद्धत आपल्याकडेही टाक्यांच्या तपासणीत वापरतात. तिचा मूळ नियम असा: निरोगी वस्तूवर पूर्वी जितका भार येऊन गेला तितका भार पुन्हा येईपर्यंत ती शांत राहते. कमी भारालाच ती बोलू लागली तर आत नुकसान झाले आहे. पण ही पद्धत दोन चाचण्यांच्या मध्ये, माणसे बाहेर असताना निर्णय घेण्यासाठी आहे. चेपल्या जाणाऱ्या हलमध्ये अखेरच्या तडकण्यापासून कोसळण्यापर्यंत किती वेळ मिळेल याची हमी कुणी देऊ शकत नाही, आणि लॉक्रिजने 2018 मध्येच हे लिहिले होते.

15 जुलै 2022 रोजी, 80व्या फेरीत, वर येताना मोठा धमाका ऐकू आला. हल चौकटीत सरकला असेल असे स्पष्टीकरण दिले गेले. त्यानंतरच्या फेऱ्यांत ताणाची नोंद आधीसारखी येईना. भार तोच, खोली तीच, आणि भिंत वेगळी वागते आहे, याचा अर्थ भिंत बदलली आहे. ही नोंद कंपनीच्याच संगणकात होती. ती नीट वाचून पाणबुडी थांबवायला भाग पाडणारा माणूस नव्हता. मग ती पाणबुडी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्समध्ये हिवाळाभर उघड्यावर ठेवली गेली. पोकळ्यांत पाणी शिरून गोठले की ते फुगते. पावसात राहिलेल्या प्लायवूडचे थर जसे सुटतात तसे ते थर आणखी सुटायला वाव मिळतो.

18 जून 2023 रोजी ती पाच जणांना घेऊन खाली गेली आणि 3,300 मीटरच्या आसपास संपर्क तुटला. 22 जूनला टायटॅनिकच्या नाळेपासून (पुढच्या टोकापासून) सुमारे 500 मीटरवर तिचे तुकडे सापडले. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या ऑगस्ट 2025 च्या अहवालाने हा अपघात टाळता येण्याजोगा होता असे स्पष्ट म्हटले आहे. त्या पाचांत 19 वर्षांचा एक मुलगा होता, वडिलांसोबत आलेला. धमाक्याचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता, आणि तो त्याने विचारायचा प्रश्नही नव्हता. म्हणूनच हे सगळे इतक्या तपशिलाने लिहितो आहे.

कायद्याने का नाही अडवले? पाणबुडी कोणत्याही देशाच्या नोंदणीखाली नव्हती, बुडी आंतरराष्ट्रीय पाण्यात होती, आणि अडीच लाख डॉलर भरणाऱ्यांना 'प्रवासी' न म्हणता 'मिशन स्पेशालिस्ट' म्हटले जात होते, कारण प्रवासी म्हटले की प्रवासी वाहतुकीचे नियम लागू होतात. ही खूण लक्षात ठेवा. पैसे घेऊन तुम्हाला कुणी 'सदस्य', 'प्रशिक्षणार्थी' किंवा 'मोहिमेतले सहकारी' म्हणत असेल, तर विमा आणि नोंदणी कोणत्या नावाखाली आहे ते लगेच विचारा.

आता कोकणाकडे येऊ. सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली 'आयएनएस गुलदार' समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे आणि तिथे पाणबुडीची सफर सुरू करायची, असा महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा प्रकल्प जाहीर झालेला आहे. तिथली खोली टायटॅनिकच्या तुलनेत काहीच नाही, आणि उथळ पाण्यातली वर्गीकृत पर्यटक पाणबुडी हे जगभर रुळलेले तंत्र आहे. मी तिच्या विरोधात नाही. पण उथळ म्हणजे निर्धास्त असेही नाही. 27 मार्च 2025 ला इजिप्तमध्ये हुरघाडाजवळ पर्यटकांची पाणबुडी बुडून सहा जण गेले, आणि ती जेमतेम 20-25 मीटर जाणारी होती.

याचे गणित सोपे आहे. 20 मीटरवर बाहेरचा दाब सुमारे 2 बारने जास्त असतो. 60 सेंटिमीटर व्यासाच्या हॅचवर, म्हणजे बाहेर पडायच्या झाकणावर, तो साडेपाच टनांहून अधिक भार टाकतो. आतून कितीही जोर लावला तरी बाहेर उघडणारी हॅच उघडणार नाही. म्हणजे अशा पाणबुडीत सुटकेचा खरा मार्ग एकच, पाणबुडीनेच वर येणे. म्हणून विचारायचे ते असे: वीज पूर्ण गेली तर ही आपोआप वर तरंगते का? बॅलास्ट टाकीतले (पाणबुडी खाली नेण्यासाठी भरलेले) पाणी काढायला दाबाची हवा किती राखीव आहे? टाकून देता येणारे वजन हाताने, विजेशिवाय सुटते का? वर आल्यावर हॅच आतून उघडते का? टायटनचे पुढचे झाकण बाहेरून बोल्टने आवळले जाई, त्यामुळे पाणबुडी पृष्ठभागावर तरंगत असती तरी आतल्यांना बाहेर पडता आले नसते. श्वासासाठी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारे रसायन, दोन्ही सफरीच्या वेळेव्यतिरिक्त किमान 72 तास पुरेल इतके हवे. ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइडच माणसाला घेरतो, म्हणून रसायनाचे प्रमाण वेगळे विचारा.

कागद मागताना 'सर्टिफाइड आहे' या उत्तरावर थांबू नका. कोणी दिले ते विचारा. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग, डीएनव्ही, एबीएस, लॉइड्स रजिस्टर अशा वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र हवे, त्यावर याच पाणबुडीचा क्रमांक हवा, कमाल खोली लिहिलेली हवी आणि वार्षिक तपासणीची तारीख चालू हवी. 'अमुक संस्थेच्या निकषांनुसार बनवली' आणि 'अमुक संस्थेने तपासून प्रमाणपत्र दिले' या दोन वाक्यांत सगळा फरक आहे. पहिले वाक्य कोणीही छापू शकतो. मोठ्या विद्यापीठांची किंवा अवकाश संस्थेची नावे सांगितली गेली तर त्यांनी नेमके काय तपासले त्याचा कागद मागा. प्रमाणपत्र तिकीटखिडकीपाशी लावलेले नसेल आणि मागितल्यावर कुरबुर झाली, तर त्या दिवशी मुलांना किल्ला दाखवून आणा.

सध्या मात्र पुण्याहून जाणारे बहुतेक लोक मालवण-तारकर्लीला स्कूबासाठी जातात, आणि तिथे धोका बहुतेक वेळा पाण्याखाली नसून बोटीत असतो. 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघे गेले. बोटीवर प्रवासीसंख्या रंगवलेली असते, माणसे मोजा. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, मुलांना मुलांच्या मापाचे, आणि ते अंगात, बाकाखाली नव्हे. पाऊस तोंडावर आला असताना 'शेवटची फेरी' म्हणून कुणी नेत असेल तर जाऊ नका. पहिल्यांदाच जाणाऱ्याला 12 मीटरच्या खाली नेऊ नये. सिलिंडरच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची तारीख ठोकलेली असते, ती वाचा. उतरण्याआधी गेज 200 बारच्या जवळ हवा आणि 50 बार उरेपर्यंत वर आलेले हवे. दमा, कानाचे दुखणे, हृदयविकार, नुकतीच झालेली सर्दी, हे फॉर्मवर खरे लिहा. सर्दी असताना कानाचा पडदा फाटू शकतो.

एक गोष्ट पुणेकरांसाठी खास. डायव्हिंगनंतर विमानात बसू नये हे बऱ्याच जणांना माहीत असते, पण परतीचा घाट चढणे हेसुद्धा उंचीवर जाणेच आहे. आंबोलीचा घाट 690 मीटरच्या आसपास चढतो आणि पुणे स्वतः 560 मीटरवर आहे. वीस मिनिटांच्या उथळ ओळख-बुडीनंतर याची फारशी चिंता नाही. पण दिवसभरात दोन-तीन खोल बुड्या मारल्या असतील तर त्याच संध्याकाळी गाडी काढू नका, रात्रभर मालवणातच राहा आणि दुसऱ्या दिवशी निघा.

ॲडव्हान्स भरण्याआधी दोन कागद घरी नीट वाचा. एक, तुमची विमा पॉलिसी: साहसी खेळ आणि पाण्याखालचे खेळ बऱ्याच पॉलिसींमध्ये वगळलेले असतात. दुसरा, आयोजकाचा सहीचा फॉर्म. त्यात 'हे साधन कोणत्याही नियामक संस्थेने मान्य केलेले नाही' अशा अर्थाची ओळ असेल, तर ती कायदेशीर औपचारिकता समजून सही करू नका. टायटनच्या प्रवाशांनी सही केलेल्या फॉर्ममध्ये अशीच ओळ होती, आणि ती शब्दशः खरी होती.